अक्का आणि दुधाचे दात

ती कुठल्याही पोराला कधी "आ कर" म्हणायची नाही. आधी हात कोपरापर्यंत धुवायची, पदराला पुसायची, पोरासमोर उकिडवी बसायची आणि स्वतःचंच तोंड उघडायची. वरचे दोन दात नव्हते, खालचा एक अर्धा तुटलेला. "मोज बरं मना दात," म्हणायची. पोर बोट लावून मोजायला लागायचं, खुदकन हसायचं आणि मग "आते मी मोजू का तुना?" असं तिनं विचारलं की आपसूक तोंड उघडायचं. तेवढ्यात तिचं काम झालेलं असायचं.

मी दातांची डॉक्टर. चार वर्षं शिकले, वर्षभर इंटर्नशिप केली, टॉर्च आणि आरसा घेऊन पोरांसमोर जायची तर अर्धी रडायची आणि अर्धी अंगणवाडी सेविकेच्या मागे लपायची. एकानं माझं बोट असं चावलं होतं की दोन दिवस ठणकत होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, की ज्यांना आपलं शिक्षण येत नाही, पण आपलं काम येतं. त्यांच्याबद्दल लोक कौतुकानं बोलतात. मी खरं तेच सांगते. मला तिचा हेवा वाटायचा.

धरणगावच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या सरकारी दवाखान्यात मी कंत्राटावर होते. जळगावहून रोज बसनं यायचे. दर गुरुवारी अंगणवाड्यांमधली पोरं तपासायचं काम माझ्याकडे होतं. त्यातली एक अंगणवाडी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून होती. तिथं ही मदतनीस. म्हणजे खिचडी शिजवणारी, झाडणारी, पोरांना घरून आणणारी आणि पोचवणारी. सगळी वस्ती तिला अक्का म्हणायची, मीही म्हणायची. वय पन्नाशीच्या पुढं. तरुणपणी ती त्याच जिनवर कापूस निवडायला होती. "वीस वरीस कापूस खाधा मी," असं सांगायची. छातीत घरघर अजून होती.

मी पहिल्याच महिन्यात अंगणवाडीत तक्ता लावला. दोन वेळा ब्रश, गोड कमी, चूळ भरा. आया यायच्या, तक्त्याकडे बघायच्या, मान हलवायच्या. पुढच्या गुरुवारी पोरांचे दात होते तसेच. मी वैतागून अक्काला म्हटलं, "अक्का, या बाया ऐकतच नाहीत."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पह्यले घर दख, मंग दात."

हे तिचं नेहमीचं वाक्य. पोराला खरूज होवो, वजन कमी भरो, की पोर बोलायला उशीर करो, अक्काचं एकच, पह्यले घर दख. मला ते त्या दिवशी लागलं. मी काय घरोघर फिरायचं? माझ्या कामाच्या यादीत ते नव्हतं.

पण फिरले. कारण ठरली सना.

सना तीन वर्षांची. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत काळे, जळक्या काडीच्या टोकासारखे. मी तिच्या आईला, शबानाला, बोलावून घेतलं आणि चांगली झापली. "दिवसभर गोड देत असशील." ती बिचारी जिनवरून धावत आली होती, केसांत कापसाचे तंतू तसेच. म्हणाली, "मॅडम, मीठा कुछ नै देती मैं. है कहाँ देने को?" मला वाटलं, खोटं बोलतेय. मी तसं तोंडावर म्हटलंही.

दुपारी अक्का मला म्हणाली, "चाला, बाई." आणि घेऊन गेली.

पत्र्याची खोली. दारात शबानाची सासू बसलेली, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. सनाच्या गळ्यात नाडीनं बाटली बांधलेली, दुधाची बाटली असते तशी, पण आत चहा. काळा, भरपूर साखरेचा. पोर रडलं की निपल तोंडात. सकाळी आठला आई जिनवर जायची, ती दिवे लागायच्या वेळी परत. म्हातारीला दिसत नाही, चूल पेटवली तर भाजून घेईल, म्हणून शबानाच सकाळी चहाचं पातेलं करून ठेवायची. सासूला ते गोड वाटत नव्हतं, शबानालाही नाही. चहा म्हणजे चहा. गोड म्हणजे मिठाई.

सनाचा बाप धुळ्याला यंत्रमागावर होता. माग बंद पडले, मालकानं भंगारात काढले. मग हे कुटुंब इकडं आलं, शबानाच्या माहेराच्या ओळखीनं. आता तो कापसाच्या गाड्या आल्या की हमाली करायचा, नाही आल्या की चौकात बसायचा.

परत येताना अक्का म्हणाली, "धुळाले व्हतात तवय शबाना घर ऱ्हाये. सनानी मोठी बहीण शे ना, तिना दात दखा. पांढराशुभ्र." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "काम नही ऱ्हायनं ते पोट दुखस. काम ऱ्हायनं ते पोऱ्यास्ना दात दुखतस."

तुम्हाला वाटेल, माझे डोळे उघडले. उघडले खरे. पण त्याच वेळी माझ्या मनात काय आलं, तर हे वाक्य मला का सुचलं नाही. इतकी वर्षं कॉलेजात दातांच्या किडीची कारणं पाठ केली होती. त्यात साखर होती, जंतू होते, वेळ होता. आणि ही बाई रस्त्यानं चालता चालता सगळं दीड वाक्यात सांगून मोकळी.

पुढं तिनं काय केलं तेही सांगते. म्हातारीला तिनं चहा बंद कर असं म्हटलंच नाही. रोज सकाळी स्वतः जाऊन पातेल्यात साखर टाकायची, रोज थोडी कमी, आणि चहात पाणी रोज थोडं जास्त. आठ-दहा दिवसांनी बाटलीत साधं पाणी आलं, आणि सना चार दिवस कुरकुरून गप्प झाली. मग ती जिनच्या मुकादमाकडे गेली. हा मुकादम लहान असताना त्याची आई कापूस निवडायची आणि अक्का त्याला मांडीवर घेऊन बसायची. त्याला म्हणाली, "लहान पोऱ्याना मायास्ले दुपारले पाव तास सोड. खाऊ घालतीन नि येतीन." तो सोडायला लागला. पाच-सात बाया दुपारी अंगणवाडीत येऊन पोरांना जेवू घालायला लागल्या. दिवसभर हातात असलेला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा निम्म्या पोरांच्या हातातून गेला.

दवाखान्यात नवीन पोरं यायला लागली. मी विचारायची, कुणी पाठवलं? उत्तर एकच. "अक्कानी."

माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मी "दातवाली मॅडम". महिन्याच्या बैठकीत वैद्यकीय अधिकारी म्हणाले, "डॉक्टर, जिनच्या अंगणवाडीचं तुमचं काम चांगलं आहे." मी "थँक्यू सर" म्हटलं. अक्काचं नाव घेतलं नाही. जीभ वळलीच नाही.

आता माझ्या घरातलं सांगावं लागेल. नवरा दीपनगरला, वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे. आठवड्यातून एकदा यायचा. मुलगी मनू, तीन वर्षांची, जळगावात पाळणाघरात. मी सकाळी साडेसातला तिला सोडायची आणि संध्याकाळी सातला घ्यायची. ती दारातच उभी असायची, चपला घालून. तिच्याकडे रिकाम्या हातानं जायचं माझ्यानं होत नसे. बसस्टँडवरून रोज एक चॉकलेट. झोपताना साखरेच्या दुधाची बाटली, कारण ती नसली की तास तासभर रडायची आणि मला सकाळी सहाला उठायचं असायचं. हे मी जगाला सांगत होते की करू नका. मला सगळं माहीत होतं. शबानाला निदान माहीत तरी नव्हतं.

एका गुरुवारी पाळणाघराला सुट्टी होती, म्हणून मनूला बरोबर नेलं. घरी ती मला दात बघू द्यायची नाही, ओठ घट्ट मिटायची. मीही फार मागं लागायची नाही. का लागायची नाही, ते आता कळतं.

मी एका कोपऱ्यात पोरांची नावं लिहीत होते. हसण्याचा आवाज आला म्हणून बघितलं तर मनू अक्कासमोर उभी. अक्काच्या तोंडात बोट घालून मोजत होती, "एक, दोन, तीन, हा तुटका." आणि मग माझ्या लेकीनं, मला ओठ न उघडणाऱ्या माझ्या लेकीनं, तोंड असं उघडलं की पडजीभ दिसावी.

अक्कानं बघितलं. तिच्या डोक्यावर हात फिरवला, खिचडी दिली. पोरं गेल्यावर, सेविका रजिस्टर ठेवायला आत गेल्यावर, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, पोरना वरना दातस्ले मांगून कीड शे."

"मी डॉक्टर आहे अक्का. मला दिसतं."

"दिसस ते खरं," ती म्हणाली. "पन तुमीन बी कामले जातस ना."

तिनं हे मायेनं म्हटलं होतं. दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर मलाही ते मायेचंच वाटलं असतं. पण मला त्या क्षणी एवढंच कळलं, की तिनं मला शबानाच्या रांगेत बसवलं. जिनवरच्या बायांच्या रांगेत, जिच्यासमोर मी तक्ता घेऊन उभी राहात होते. आणि मघाशी माझी पोरगी तिच्या मांडीवर बसून तिच्याच ताटलीत खात होती, माझ्याकडे वळूनही न बघता.

दोन दिवसांनी मी पर्यवेक्षिकेला पत्र लिहिलं. 'सदर अंगणवाडीत अप्रशिक्षित मदतनीसाकडून बालकांच्या तोंडाची तपासणी केली जाते. हे योग्य नाही.' एवढं लिहून थांबले असते तरी चाललं असतं, ते निदान खरं होतं. पण पुढं लिहिलं, 'हातांच्या स्वच्छतेची काळजी घेतली जात नाही.'

आठवड्यात तोंडी हुकूम आला. मदतनीसानं आपलं काम पाहावं, पोरांच्या तोंडाला हात लावू नये. कुणी तक्रार केली ते सांगितलं गेलं नाही. पुढच्या गुरुवारी गेले तर अक्का चुलीपाशी. पोरं तिच्यापुढं जाऊन तोंड उघडून उभी राहायची आणि ती म्हणायची, "जा, मॅडमले दखाड." माझ्याकडे आली तर आली, नाहीतर पळाली. मी मनात म्हटलं, होईल सवय.

दोन महिने गेले. होळीनंतरच्या सोमवारी शबाना सनाला खांद्यावर टाकून दवाखान्यात आली. पोरीचा उजवा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला, डोळा मिटलेला, अंग तव्यासारखं. काळ्या दाताच्या मुळाशी पू झाला होता आणि वर चढला होता. म्हातारी दोन दिवस गरम फडक्यानं शेकत होती. दुधाच्या दातानं असं होतं, हे लोकांना खरं वाटत नाही. पडणारेच आहेत की, म्हणतात.

मी गालाला हात लावून बघितला. जळगावला न्यायला हवं होतं, ताबडतोब. गाडी बोलावली, मीही बसले. वाटेत शबाना पोरीला पदरानं वारा घालत होती. सहज म्हणावं तसं म्हणाली, "पैले अक्का रोज मुँह देखती थी. थोडा भी सूजा तो बोल देती. अब नै देखती. पूछा तो बोली, ऊपर से मना है."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. केळीच्या बागा, मग पुन्हा केळीच्या बागा.

सना चार दिवस भरती होती. सुया, सलाईन, गालातून पू काढला, मग दात काढले. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला. पोरगी वाचली. शबाना आठवडाभर जिनवर गेली नाही, तर तिच्या जागी दुसरी बाई लागली. मुकादम तरी काय करणार, हंगाम संपत आला होता, त्यालाही वरून बोलणी होती.

मी अंगणवाडीत गेले ते गुरुवार नसताना. पोरं घरी गेली होती. अक्का पातेलं घासत होती.

"अक्का, ते पत्र मी लिहिलं होतं."

"माले मालूम शे."

"कुणी सांगितलं?"

तिनं पातेलं उपडं घातलं. "सुपरवायझरबाईनी वाची दखाडं. अप्रशिक्षित. आमनामा आसा शबद कोन लिखस?"

मला हसू आलं असतं, दुसऱ्या कुठल्याही दिवशी. मी म्हटलं, "मग तुम्ही मला काही बोलल्या का नाहीत?"

"काय बोलू? खरंच लिखं तुमीन. मी कोठे शिकेल शे?" राखेनं भरलेले दोन्ही हात तिनं माझ्यासमोर धरले. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "पन हात? हात ते मी धुस ना, बाई. तुमीन सोताना डोयानी दखेल शे."

मी माफी मागितली, ती तिनं ऐकून घेतली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पदरालाही न पुसता तशीच ओले हात घेऊन निघून गेली.

मी पर्यवेक्षिकेकडे गेले. स्वच्छतेचं लिहिलं ते खोटं होतं, असं सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच लिहिता आणि तुम्हीच खोडता? मग हेही लेखी द्या." लेखी दिलं. त्यात हेही लिहिलं की या मदतनीसामुळे पोरं वेळेवर दवाखान्यात येत होती, आणि बैठकीत ज्या कामाची वाहवा झाली ते माझं नव्हतं. चांगलं वाटेल असं ऐकलं होतं, तसं काही वाटलं नाही. हेवा पत्र लिहून जात नाही.

अक्काचा हुकूम मागं घेतला गेला. ती पुन्हा पोरांपुढं उकिडवी बसायला लागली. मला मात्र पुष्कळ दिवस "मॅडम" म्हणायची. पूर्वी "बाई" म्हणायची. शबानाला तिनंच पुढच्या हंगामात परत जिनवर लावून दिलं, मुकादमाशी तीन वेळा भांडून.

मनूचे चार दात मीच भरले, जळगावात, ओळखीच्या एका दवाखान्यात. तिनं माझं बोट चावलं नाही, कारण शेजारी अक्का तिचा हात धरून बसली होती. मीच तिला विनंती करून जळगावला आणलं होतं. ती आली, बसनं, काम संपल्यावर. परत जाताना वाटेत लागणाऱ्या पाळणाघराच्या बाईंशी दारात उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलली. मला आजवर कळलं नाही काय ते. पण दुसऱ्या दिवसापासून पाळणाघरात दुपारी पोरांना चुळा भरायला लावायला सुरुवात झाली. मी त्या बाईंना वर्षभर हेच सांगत होते.

मग एक दिवस सेविकेनं सांगितलं, अक्का काम सोडतेय. मला खरं वाटेना. विचारलं तर म्हणाली, "सुरतले जासू. सून बी कारखानामा लागनी. दोन्ही कामले जातस. पोऱ्याले कोन दखी?" नातू दीड वर्षाचा होता.

"आणि इथली पोरं?"

"आठे तुमीन शेतस ना, बाई."

ती निघाली त्या दिवशी मी गावच्या स्टेशनवर गेले. मला वाटलं होतं, मी, सेविका आणि एखादी शेजारीण असू. फलाटावर वीस-पंचवीस बाया होत्या. जिनवरून तशाच आलेल्या, केसांत, भुवयांवर, पोलक्यांवर कापूस. पोरं काखेला. मुकादमही मागं एका खांबाला टेकून उभा होता, बायांची वेळ मोजतोय असं दाखवत. अक्कासोबत एक पत्र्याची पेटी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची पिशवी. एकेक बाई तिच्या पायाशी वाकत होती आणि ती प्रत्येकीला काहीतरी वेगळं सांगत होती. मी मागं उभी राहून ते बघत होते. माझी बदली झाली, कंत्राट संपलं, तर या फलाटावर कोण येईल, असा हिशोब माझ्या डोक्यात चालला होता. अशा वेळीसुद्धा.

गाडी आली. पेटी चढली, ती चढली. दारात वळून तिनं सगळ्यांकडे बघितलं, त्यात माझ्याकडेही. गाडी हलली. पोरं गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत धावली.

माझ्या डोळ्यांना पाणी आलेलं पाहून शेजारच्या एका बाईनं विचारलं, नवीन असावी, मला ओळखत नव्हती, "ताई, अक्का तुमनी कोन लागे?"

माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "सवत."

ती बघतच राहिली. मग हसली. तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि सगळ्या बाया हसायला लागल्या, डोळे पुसत पुसत. तेवढ्यात जिनचा भोंगा झाला. पदर खोचून, पोरं सावरून, हसतच त्या रुळांच्या कडेनं पळाल्या. मी त्यांच्या पाठी बघत तिथंच उभी राहिले.